गादी रिकामी झाल्यावर

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्यातली थोडी काटछाट केली आहे, बाकी जसंच्या तसं.

मागच्या भागात आपण सीरियापर्यंत आलो होतो. आज त्याचा शेवट करायचा आहे आणि मग तिथून थेट आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात यायचं आहे. जुना म्हणतो, कारण 1942 साली सांगली हा वेगळा जिल्हाच नव्हता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी पाटण, कराड, वाळवा, तासगाव हे सगळे तालुके एकाच कलेक्टरच्या हाताखाली होते आणि मध्येमध्ये औंध, सांगली, मिरज अशा संस्थानांचे तुकडे पसरलेले होते. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आधी उजळणी. 17 डिसेंबर 2010 ला ट्युनिशियातल्या सिदी बुझीद या गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्या तरुणानं स्वतःला पेटवून घेतलं. त्याचा गाडा आणि तराजू जप्त झाला होता आणि दाद मागायला गेला तर कुणी उभं केलं नव्हतं. 4 जानेवारीला तो गेला. 14 जानेवारीला तेवीस वर्षं सत्तेवर असलेला बेन अली देश सोडून पळाला. 25 जानेवारीला इजिप्तमध्ये लोक रस्त्यावर आले आणि 11 फेब्रुवारीला तीस वर्षांच्या होस्नी मुबारकनं खुर्ची सोडली. अठरा दिवस. 1969 पासून लिबिया ताब्यात ठेवणारा गद्दाफी त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला मारला गेला. सीरियातला असाद मात्र तेरा वर्षं टिकला, लाखो माणसं मेली, आणि 8 डिसेंबर 2024 ला तोही पळाला.

मागच्या भागानंतर पाटणच्याच एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचा निरोप आला. तिनं लिहिलं होतं, "दादा, इजिप्तमध्ये एक गेला आणि दुसरा लष्करवाला आला. लिबियाचे दोन तुकडे झाले. ट्युनिशियात पण परत एकाच माणसाच्या हातात सगळं. मग एवढी माणसं मेली कशाला? त्यापेक्षा आहे तो हुकूमशहा काय वाईट?"

प्रश्न रास्त आहे. आणि तो फक्त अरबांबद्दलचा नाही, म्हणून मला तो जास्त टोचला. एसटीत, पारावर, ऑफिसच्या कँटीनमध्ये आपण सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य आहे हे: एकदा कडक माणूस पाहिजे, त्याशिवाय हे सुधारणार नाही. तेव्हा उत्तर नीट द्यायला पाहिजे.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे जुनी प्रणाली बंद करणं हे एका बटणाचं काम असतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, जेव्हा पगार काढायचा असतो, बिलं जायची असतात, आणि त्या जागी काय चालू आहे असं सगळे विचारतात. उठावांकडे मी त्या नजरेनं बघतो. राजा कसा गेला, यापेक्षा तो गेल्यावर सकाळी भांडण मिटवायला, धान्य वाटायला, रस्त्यावर पहारा द्यायला कोण उभं राहिलं?

इजिप्तमध्ये कुणीच उभं राहिलं नाही असं नाही. 28 जानेवारी 2011 ची गोष्ट. आदल्या रात्रीपासून सरकारनं देशभरचं इंटरनेट तोडलं होतं, ते 2 फेब्रुवारीला परत आलं. तोडून फायदा झाला नाही, उलट गर्दी वाढली. त्याच दिवशी पोलीस रस्त्यावरून गायब झाले. तेव्हा कैरोच्या गल्लीगल्लीत शेजाऱ्यांनी लोकसमित्या केल्या. काठ्या घेऊन पहारे दिले, गाड्या तपासल्या, वाहतूक सांभाळली. पण मुबारक गेल्यावर त्या हळूहळू विरल्या. देशात खरोखर बांधलेल्या संघटना दोनच उरल्या: लष्कर आणि 1928 पासूनची मुस्लिम ब्रदरहुड. निवडणूक ब्रदरहुडनं जिंकली, वर्षभरात, 3 जुलै 2013 ला, लष्करानं मोर्सींना हटवलं. चौकातल्या लाखो पोरांच्या हातात ना ही संघटना होती ना ती.

सीरियात एका माणसानं हे फार लवकर ओळखलं होतं. ओमर अझीझ, अर्थतज्ज्ञ. 2011 च्या अखेरीस त्यानं एक टिपण लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लोक दिवसाचे काही तास क्रांतीत असतात आणि उरलेला दिवस सरकारच्याच व्यवस्थेत जगतात, त्यामुळे गावोगाव स्थानिक मंडळं काढा, निर्वासितांची सोय, शिक्षण, दवाखाना, जमिनीचं रक्षण हे आपलं आपण चालवायला लागा. अशी मंडळं निघालीही. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याला अटक झाली, फेब्रुवारी 2013 मध्ये तो कैदेतच गेला.

हे टिपण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो नाना पाटलांचं नाव घेईल.

चला, आता 1942. ऑगस्टमध्ये चले जाव झालं, पुढारी तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे काढले. कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर. कल्पना साधी होती: कचेरीवर तिरंगा लावायचा आणि सांगायचं, आता हे आमचं. तासगावला 3 सप्टेंबरला झेंडा लागला आणि मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघे गेले. त्यातले उमाशंकर पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर होते.

आता गंमत बघा. इथपर्यंतची गोष्ट आणि तहरीर चौकाची गोष्ट एकच आहे. गर्दी, झेंडा, गोळी, हुतात्मे. फरक नंतर पडतो. गोळीबारानंतर साताऱ्यातली माणसं कचेरीसमोर परत जमली नाहीत. ती गावात गेली, डोंगरात गेली, आणि 1943 पासून त्यांनी प्रतिसरकार चालवायला घेतलं. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी बाया, ज्यांनी भाकरी, निरोप आणि हत्यारं पोचवली.

प्रतिसरकार काय करत होतं? गाड्या लुटल्या, हे सगळ्यांना माहीत असतं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, ती बापू लाडांच्या तुफान सेनेची कामगिरी. पण रोजचं काम वेगळं होतं. न्यायदान मंडळं होती. बांधाचं भांडण, सावकारानं गिळलेली जमीन, नवऱ्यानं टाकलेली बाई, असे तंटे गावातच ऐकले जायचे आणि निकाल अमलात यायचा. दरोडेखोरांचा बंदोबस्त व्हायचा. दारूचे गुत्ते बंद केले. कर्ज काढून लग्नं करायची पद्धत मोडायला कमी खर्चाची गांधी-विवाह पद्धत आणली. सुमारे दीडशे गावांत हे चाललं असं सांगतात, आणि ते 1946 पर्यंत टिकलं. म्हणजे इंग्रज अजून कचेरीत बसलेला असतानाच, त्याच्याकडे जायची गरज लोकांनी कमी करून टाकली होती.

हे जमलं कसं? आपले लोक शूर म्हणून, हे उत्तर मला पुरत नाही. शूर तर दरआमधली पोरंही होती, ज्यांनी शाळेच्या भिंतीवर असादविरोधी घोषणा लिहिल्या आणि त्यासाठी मार खाल्ला. मला तीन कारणं दिसतात.

एक, सवय. सत्यशोधक समाज 1873 चा. साताऱ्यात त्याचे जलसे आणि सभा गावागावांत झालेल्या होत्या. भटजी-सावकाराला प्रश्न विचारायचा, गावात उभं राहून बोलायचं, याची सवय दोन पिढ्यांची होती. नाना पाटील त्याच वातावरणातून आले.

दोन, दप्तर माहीत असलेली माणसं. नाना पाटील आधी तलाठी होते. सात-बारा कुठे फिरतो, सारा कसा वसूल होतो, गावाची नाडी कुठे असते, हे त्यांना आतून ठाऊक होतं. सरकार कसं चालतं हे कळल्याशिवाय दुसरं सरकार काढता येत नाही.

तीन, औंध. हा भाग मला सगळ्यात आवडतो. कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं केंद्र, आणि ते औंध संस्थानात होतं. त्या संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली जाहीर केलं की राज्यकारभार मी प्रजेच्या हाती देतो. राजपुत्र अप्पासाहेब पंत, मूळ पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि सल्ल्याला गांधीजी, अशातून राज्यघटना झाली आणि जानेवारी 1939 ला ती लागू झाली. पाया ग्रामपंचायतीचा. पंचायतीतून तालुका, तालुक्यातून वरचं विधिमंडळ. बेन अली, मुबारक, गद्दाफी, असाद यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही ते आपल्या शेजारच्या एका छोट्या राजाला सुचलं. गोळी न झाडता गादी खाली करता येते. कुंडल भागातली माणसं 1943 च्या आधी चार वर्षं गावाचा कारभार हातात घेऊन बसलेली होती, याचा प्रतिसरकारला उपयोग झाला असणार, असं माझं मत आहे.

ट्युनिशिया बाकीच्यांपेक्षा जास्त काळ का टिकला, त्याचंही उत्तर इथेच सापडतं. तिथे 1946 पासूनची देशव्यापी कामगार संघटना होती. 2013 मध्ये देश फुटायला आला तेव्हा ही संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाले यांनी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. 2015 चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. लिबियात गद्दाफीनं पक्ष, संघटना काहीच उगवू दिलं नव्हतं, तिथे बंदूक तेवढी उरली.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे आरतीसारखं होईल. प्रतिसरकारच्या शिक्षा कठोर होत्या. पायांच्या तळव्यांवर मारायचे, त्यावरूनच लोक 'पत्री सरकार' म्हणायला लागले. ज्याच्या हाती काठी त्याचा निकाल बरोबरच असेल असं कुणी सांगावं? तिथे अपील नव्हतं. हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं तर ते काय झालं असतं, याचा विचार करायला लिबियाकडे बघावं.

पण ते थांबलं. 1946 ला नाना पाटील भूमिगत जीवनातून बाहेर आले. पुढे ते निवडणुकीला उभे राहिले, 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून खासदार झाले, तेही सत्ताधाऱ्यांच्या विरोधात, कम्युनिस्ट पक्षाकडून. ज्यांच्या शब्दावर बंदुका चालत होत्या ते मतं मागत दारोदार फिरले. माझ्या लेखी शेणोलीच्या गाडीपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

तर प्रश्नाचं माझं उत्तर हे. हुकूमशहा परवडत नाही, कारण तो गेल्यावर जे लागतं नेमकं तेच तो आयुष्यभर मारत आलेला असतो. संघटना, पंचायत, न्यायासन, चार माणसांनी बसून भांडण मिटवायची सवय. लिबिया उठावामुळे रिकामा झाला नाही, बेचाळीस वर्षांत आधीच रिकामा केलेला होता. आणि एकदा मिळालं की कायमचं, असंही नाही. ट्युनिशियात 25 जुलै 2021 ला निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षानंच संसद गोठवली, आणि वैतागलेल्या बऱ्याच लोकांनी त्या रात्री रस्त्यावर येऊन आनंद केला.

आपल्या तालुक्यात बघा. कोयनेचं धरण लोकांनी निवडलेल्या सरकारनं बांधलं. विस्थापितांचे प्रश्न साठ वर्षांनंतरही उरलेत आणि धरणग्रस्त कोयनानगरला ठाण मांडून बसतात. त्यांना बसता येतं, सरकारला त्यांच्याशी बोलावं लागतं. हे कमी आहे, मान्य. पण दरआत एवढंही नव्हतं.

शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्याकडे ग्रामसभेला गणपूर्ती लागते, गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, जी संख्या कमी असेल ती. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा परत भरते तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे आपण येणार नाही, हे कायद्यानं आधीच धरून चाललंय. मग पाच माणसं बसतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो.

पुढची ग्रामसभा कधी आहे, तेवढं ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. पुढच्या भागात भेटू.