बाईंना उशिरा दिलेलं उत्तर



दहावीत बाईंनी विचारलं होतं, "'एकच प्याला'तल्या सुधाकरचं सिंधूवर खरंच प्रेम होतं का रे?" मी उभा राहून ठणकावलं, "नाही!" पोटच्या पोराचा जीव घेणाऱ्याचं कसलं प्रेम? बाई एवढंच म्हणाल्या, "आधी अख्खं नाटक वाच."

माझे वडील प्यायचे, हे तुमच्यातल्या दोघातिघांनाच ठाऊक होतं. माझं ते "नाही" त्यांच्यासाठी होतं.

अख्खं नाटक वाचलं ते वडील गेल्यावर. सनद गेल्याचा अपमान सुधाकरला पचत नाही. तरी मध्ये तो दारू सोडतो, कामासाठी ओळखीच्यांकडे जातो, ते झिडकारतात आणि मग पुन्हा पितो. प्रेम होतं हो. मानापुढे टिकलं नाही. १९१९ साली बालगंधर्वांच्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले. सुधाकरसाठी कुणी रडलं असेल?

मरताना सिंधू नवऱ्याचा गुन्हा झाकते. आमची आईही कपाळावरची खोक दाखवून शेजारणींना "मोरीत घसरले" सांगायची. ते मी विसरलेलो नाही.

पण वडिलांनीही एकदा चार महिने सोडली होती. रोज संध्याकाळी आईला आणि मला वडाळे तळ्यावर न्यायचे.

बाई, माझं ते "नाही" तेवढं खोडा.