तीन मशिनी, एक सुई आणि नागलीचं पीठ

(भगिनी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे तो ‘काटकसरीचा संसार: स्वयंपाक, शिवण आणि मुलांची करमणूक’. विषय ऐकून माझी मुलगी हसली. म्हणाली, “आई, तू आणि काटकसर? मागच्या महिन्यात गॅस संपला तेव्हा तू बाहेरून बिर्याणी मागवलीस.” खरं आहे ते. तेव्हा मी तुम्हाला काही शिकवायला उभी नाही. मी हिशेब द्यायला उभी आहे. चार वर्षांपूर्वी याच जागी उभं राहून मी तुमच्याकडे शिलाई मशिनी मागितल्या होत्या. तुम्ही तीन दिल्या. त्यांचं काय झालं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आमचं काम पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. पाऊस इतका की चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि मार्च उजाडला की त्याच पाड्यावर हंड्याची रांग. भात, नागली, वरई, उडीद आणि खुरासणी ही तिथली पिकं. दिवाळी झाली की अर्धा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला जातो. घरात राहतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या.

मी शिवणवर्ग सुरू केला तो नोव्हेंबरात. आता तुम्हीच हसा. सात बायका आल्या. दुसऱ्या आठवड्यात चार राहिल्या आणि नाताळपर्यंत एक. ती एक बाई पायाने अधू होती, म्हणून कामाला गेली नव्हती. एवढी वर्षं तिथे ये-जा करणाऱ्या बाईला एवढंही कळू नये? पण तेव्हा माझ्या डोक्यात परकर आणि फ्रॉक होते, आणि वर्गाचा फोटो पत्रिकेत छापायचा होता.

तर हिशेब असा. एका मशिनीचा पट्टा तुटला, आणि दुरुस्तीवाला तालुक्याला. तो आला नाही, आम्हीही नेली नाही. ती अजून समाजमंदिराच्या कोपऱ्यात आहे, तिच्यावर भाताची पोती ठेवतात. दुसरी आम्ही मुलींच्या वसतिगृहाला दिली, तिथे ती बरी चालते. तिसरीचं पुढे सांगते.

त्यानंतरच्या श्रावणात मी एका घरी एसटीची वाट पाहत बसले होते. एसटी आली नाही, रस्त्यावर झाड पडलं होतं. त्या घरातल्या आजीने जमिनीवर जुनं लुगडं अंथरलं, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणलं. त्यावर फाटक्या शर्टांचे, धोतराचे, परकराचे तुकडे एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरले. वर दुसरं लुगडं. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून तिन्ही थर धरले, आणि एका कडेला बसून धावदोरा सुरू केला. कडेकडेने फिरत फिरत आत मधल्या बिंदूपर्यंत. दोन टाक्यांच्या ओळींमध्ये बोटभर अंतर. मोजपट्टी नाही, खडू नाही.

तिचा नातू सुई ओवून देत होता, कारण आजीला दिसत नाही. दोन नाती समोरच्या बाजूने शिवत होत्या. आणि खेळ चालला होता: हा तुकडा कोणाचा? “हा बाबाच्या लग्नातल्या शर्टाचा.” “हा मावशीचा.” एक पिवळा तुकडा आला तेव्हा कोणी बोललं नाही. तो त्या घरातल्या वारलेल्या लेकीचा होता, असं मला नंतर कळलं. आजीने तो मध्ये लावला नाही. उशाकडे लावला.

मी विचारलं, “आजी, याला खर्च किती?” ती म्हणाली, आणि तिच्या बोलीतलं मी आपल्या भाषेत सांगते, “दोऱ्याचं रीळ आणलंय. बाकी सगळं घरचंच अंगावरचं आहे.” बाजारात बरं पांघरूण घ्यायला तीनशे रुपये पडतात, आणि तेही दोन पावसाळ्यांत विरतं. आजीची पहिली गोधडी अठरा वर्षं झाली, अजून आहे. वरचं कापड फाटलं की त्यावर नवं चढवते, म्हणजे जुनी गोधडी नवीचं पोट होते.

मी माझी एसटी विसरले. मी जो वर्ग भरवू पाहत होते तो या घरात आधीपासून भरत होता, तोही पावसाळ्यात, सगळं घर एकत्र असतं तेव्हा.

आता स्वयंपाकाचं. इथे माझी चूक जास्त मोठी आहे. पोषणावरचं एक पत्रक घेऊन मी खजूर, काजू आणि साजूक तुपाचे लाडू करून दाखवले. वीस लाडू झाले. मुलांनी पाच मिनिटांत संपवले, मला फार आनंद झाला. मग एका बाईने सरळ विचारलं, “ताई, एवढ्याला किती लागले?” तीनशे चाळीस रुपये. ती आवणीला दिवसभर चिखलात वाकून अडीचशे मिळवते. कोणी मला काही बोललं नाही. भांडी घासायला मात्र सगळ्याजणी उठल्या, त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

त्यांच्या कणगीत काय होतं? नागली. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हात त्याच्या आठव्या हिश्श्याएवढंही नाही, पांढऱ्या तांदळात तर नावालाच. खुरासणीच्या बियांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तेल. उडीद होता, सालासकट. 2023 साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं, शहरात नागलीची बिस्किटं चकचकीत डब्यांत आली. आणि त्याच वर्षी पाड्यावरची शाळकरी मुलं काळी भाकरी डब्यात न्यायला लाजत होती. पांढरा भात आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट म्हणजे मोठेपणा. दोन मुलांना रोज एकेक पाकीट, महिन्याचे तीनशे रुपये. एवढ्यात घरभर पुरेल इतका गूळ आणि वर शेंगदाणे येतात. हे मी फळ्यावर लिहून दाखवलं, आणि लिहितानाच आठवलं की माझ्या मुलीच्या डब्यातही तेच पाकीट असतं. तेव्हा फळा पुसला.

मी बोलते आहे ते एका मुलामुळे. दोन वर्षांचा होता. आई-बाप त्याला बागेवर घेऊन गेले. तिथे कामाची घाई, आई पहाटे भात करून ठेवायची, पोरगा दिवसभर तोच गार भात किंवा चहात बुडवलेलं बिस्किट खायचा. होळीला परत आले. अंगणवाडीताईंनी दंडाला पट्टी लावली तर ती लाल. लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. तुमच्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून जो गोल होतो, जवळपास तेवढा दंड. पोराला चौदा दिवस तालुक्याच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. मी रोज जाऊन बसायचे. त्याची आई मला एकदाच म्हणाली, “घरी असते तर आंबील दिली असती.”

हे वाक्य मी घरी घेऊन आले. तिला काय द्यायचं ते ठाऊक होतं. बागेवर ते तिच्या हाताशी नव्हतं, एवढंच. तिथे दळण नाही, वेळ नाही, चूल तीन विटांची.

म्हणून पुढच्या वर्षी आम्ही शिवणवर्ग भरवला तो ऑगस्टात, आवणी आटोपल्यावर. आणि शिवायला घेतल्या थैल्या. तुमच्याकडून आलेल्या सुती धोतरांच्या आणि चादरींच्या, दोन किलो पीठ मावेल अशा, दुहेरी कापडाच्या, तोंडाला नाडी. तिसरी मशीन याच कामावर आहे आणि ती एकच पुरते. ती चालवते ती पायाने अधू असलेली बाई. माझी मशीन पायाची, आणि तिचा एक पाय चालत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिने स्वतःच हाताने फिरवायचा दांडा बसवून घेतला.

थैलीत काय भरायचं, हे आजींनी ठरवलं. मी फक्त लिहून घेतलं. नागली निवडून रात्रभर भिजवायची. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायची, दिवसभरात किंवा दुसऱ्या दिवशी पांढरी टोकं दिसतात. मोड फार लांबू द्यायचे नाहीत, कडवट लागतं. सावलीत खडखडीत वाळवायची, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची आणि दळायची. मोड आल्यामुळे पीठ शिजताना फारसं घट्ट होत नाही. म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, आणि लहान पोटाला तेच हवं असतं. बागेवर काय करायचं? पाण्यात कालवून पाच-सात मिनिटं ढवळत शिजवायचं, गुळाचा खडा टाकायचा, वर भाजून कुटलेली खुरासणी चमचाभर. तीन विटांच्या चुलीवर होतं. आवणीनंतरच्या उघडिपीत वाळवण जमेना, तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात पसरलं आणि पोरांना राखणीला बसवलं. त्यांनी कोंबड्या हाकलता हाकलता चिंध्यांच्या बाहुल्या आणि चेंडू केले. उरलेल्या चिंध्यांचं दुसरं काय करणार? तुमच्या विषयातली ‘मुलांची करमणूक’ ती हीच.

त्या मुलाची आई थैल्या घेऊन गेली. होळीला परत आली तेव्हा मी अंगणवाडीत आधीच जाऊन बसले होते. पट्टी पिवळ्यावर आली. हिरव्यावर नाही. मी तुम्हाला हिरवी म्हणून सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, पण पिवळीच होती. या वर्षी तो पुन्हा गेला आहे, चार थैल्या बरोबर आहेत.

आता थोडं तुमच्याबद्दल, आणि रागावू नका. नाताळच्या आधी आमच्याकडे कपड्यांची पोती येतात. त्यात टिकल्या लावलेल्या नायलॉनच्या साड्या असतात, चेन तुटलेल्या पॅन्टी असतात. एकदा टाय आला. पोरांनी तो वासराच्या गळ्यात बांधला आणि वासरू पाड्यावर साहेबासारखं फिरलं. हसू येतं, पण ते पोतं नाशिकहून पाड्यापर्यंत न्यायला टेंपोचे पैसे मोजले होते, तेही तुमच्याच दानातून. नायलॉनची गोधडी घाम शोषत नाही आणि चुलीजवळ धोक्याची. आपल्याला जे नको ते त्यांना चालेल, असं आपण मनात धरलेलं असतं. मीही धरलं होतं, काजूचे लाडू करताना उलट्या टोकाने.

प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापोची तबीथा आहे. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला कपडे दाखवतात. कोणते? ती त्यांच्याबरोबर होती तेव्हा तिने केलेले. माझ्या पदविकेच्या वर्गात हा उतारा मी तीनदा तरी वाचला असेन, पण “त्यांच्याबरोबर” हा शब्द मला दिसला तो एसटी न आलेल्या दिवशी.

म्हणून या वर्षी मी मशीन मागत नाही. पोतीही नकोत. एका घराने एक बाळाचं दुपटं शिवावं. तीन फूट बाय तीन फूट. दोन थर मऊ सुती साडीचे किंवा धोतराचे, मध्ये एक थर जुन्या चादरीचा. आधी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. बटण, लेस, टिकली, सेफ्टी पिन काही नको, बाळ तोंडात घालतं. हातानेच शिवा, धावदोरा, बोटभर अंतर. वाकडं झालं तर होऊ दे. एका संध्याकाळी टीव्ही बंद करून चौघांनी चार बाजूंना बसा, आणि तुकडा कोणाचा ते मुलांना सांगा. एकाच संध्याकाळी होणार नाही, चार-पाच लागतील. नवऱ्यांनाही बसवा. माझे यजमान पहिल्या दिवशी सुई बोटात खुपसून उठले, दुसऱ्या दिवशी परत बसले, आणि त्यांची बाजू माझ्यापेक्षा सरळ आली आहे, हे मी इथे कबूल करते.

पाड्यावर पेरणीच्या सुमारास पाच-सहा बाळंतपणं असतात. त्याआधी दुपटी हातात आली तर बरं. नागलीचं पीठ ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी पाड्यावरच्या बायकांनी अर्ध्या अर्ध्या किलोच्या वीस थैल्या दिल्या आहेत. त्या फुकट नाहीत. साठ रुपयांना एक, पैसे त्यांचेच आहेत.

सुया आणि रिळं बाहेरच्या टेबलावर ठेवली आहेत. चष्मा घरी विसरला असेल त्यांनी जाताना एखादं नातवंड सोबत घेऊन यावं, सुई ओवून घ्यायला.