रक्त घेता घेता मोठी झालेली पोरं

 मुंबई-पुणे-नागपूरहून आलेले डॉक्टर आणि संशोधक, आईवडील मंडळी आणि थॅलेसेमियाची मुलंमुली, आपण आज कयाधूच्या काठी, नामदेवरायांच्या जन्मगावी जमलो आहोत.

आधी जेवणाचं सांगतो. आषाढीनंतरच्या परतवारीच्या गर्दीचे दिवस मुद्दाम टाळून ही तारीख धरली. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांची पंगत वेगळी आहे. तिथं तव्यावरची गरम भाकरी, ताजं वरण आणि उकळून गार केलेलं पाणी मिळेल. संसर्गाच्या भीतीनं कोशिंबीर नाही. गावकऱ्यांनो, त्यांना कशाचाही आग्रह करू नका, प्रसादाचासुद्धा.

आता मुद्द्याचं. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या पथकानं देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. चाळीस वर्षं उलटली, तरी आमच्याकडं लोकांना वाटतं की यात हाडं कापतात. प्रत्यक्षात मूळपेशींची पिशवी रक्तासारखीच शिरेतून चढते. अवघड असतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

थॅलेसेमिया मेजर या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. आई कॅरीबॅगेत फाईल घेऊन येते आणि आधी एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, किती ते विचारते. प्रत्येक पिशवीबरोबर दोनशेच्या वर मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि यकृतात, हृदयात साठत राहतं. प्रत्यारोपण जमलं तर हे रक्त घेणं थांबतं, म्हणून ते जितकं लवकर तितकं बरं. पण ज्यांचं लहानपणी झालं नाही आणि जे आज एकोणीस-वीस वर्षांचे आहेत, त्यांचं काय? कोल इंडियाच्या मदतीनं २०१७पासून चालणारी थॅलेसेमिया बालसेवा योजना दहा लाखांपर्यंत खर्च उचलते, पण ती लहान मुलांसाठी. या मोठ्या पोरांना कोणत्या खिडकीवर उभं करायचं, हे आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा मार्ग जनुकदुरुस्तीचा. थॅलेसेमियासाठी त्या उपचाराला २०२३ अखेर ब्रिटनमध्ये आणि जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. हळदीला कितीही भाव आला तरी आमच्या शेतकऱ्याचा तो हिशेब जुळायचा नाही. मला जास्त आशा वाटते ती अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणाची. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई किंवा बाप मात्र निम्मे जुळतातच. त्यात दात्याच्या पेशी रुग्णावर उलटू नयेत म्हणून प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फामाइड देतात. औषध जुनं आणि स्वस्त. लोह साठलेल्या वीस वर्षांच्या यकृताला हे कितपत झेपतं, यावर संशोधकांनी इथं मोकळेपणानं बोलावं. जिथं अपयश आलं तेही सांगावं. आणि प्रत्यारोपणाआधीच्या केमोपूर्वी पुढच्या मूलबाळाचा विषय रुग्ण मुलीशीच बोलावा, फक्त तिच्या बापाशी नको.

दुपारी शाळेत मूळपेशी दात्यांची नोंदणी आहे. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, सुई नाही. अठरा ते पन्नास वयाच्या निरोगी माणसांनी यावं. तरुणांनी आधी रांग लावावी. दाता जितका तरुण तितका डॉक्टरांना हवा असतो.

आता उद्घाटनासाठी अध्यक्षांना विनंती करतो.