एसओएस म्हणजे ‘वाचवा’ नाही: वॉर्डातली भाषा शिकताना

हेडफोन लावलेत ना? नेहमी आपण ॲप, कोडिंग, इंटरव्ह्यू असलं काहीतरी बोलतो. आज जरा वेगळं. आज आपण हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या शब्दांबद्दल बोलणार आहोत. हा एपिसोड खास त्यांच्यासाठी, जे नर्सिंग असिस्टंटचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा जीडीए म्हणतात, त्याचं ट्रेनिंग घेतायत. पण बाकीच्यांनी पळू नका. कधी ना कधी घरच्या माणसाच्या बेडशेजारी स्टुलावर बसायची वेळ आपल्या प्रत्येकावर येते.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. साधा बीटेक, सॉफ्टवेअरवाला. मग मी का बोलतोय? अर्ध्या कप चहामुळे.

अर्धा कप चहा

गेल्या वर्षी माझ्या बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. बाबांना डायबेटिस आहे. आदल्या रात्री बेडच्या डोक्याशी एक पाटी लटकवली गेली: एनबीएम. मला वाटलं, वॉर्डाचा काहीतरी कोड असेल. जाता जाता कुणीतरी म्हणालंही, “उद्या सकाळपर्यंत एनबीएम हं.” मी मान डोलावली. आपण मीटिंगमध्ये डोलावतो ना, तशीच.

सकाळी सहाला बाबा म्हणाले, “घोटभर चहा मिळाला तर बरं वाटेल रे.” मी खाली कँटीनला गेलो आणि अर्धा कप घेऊन आलो. साडेआठला सिस्टरनं विचारलं, “काही दिलं नाही ना यांना?” मी म्हणालो, “नाही नाही, नुसता चहा.”

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

एनबीएम म्हणजे निल बाय माउथ. तोंडावाटे काहीही नाही. कारण भूल दिल्यावर घशाची नेहमीची राखण बंद पडते. पोटात काही असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि आपला चहा दुधाचा! पोटातून पुढे सरकायला दूध पाण्यापेक्षा खूप जास्त वेळ घेतं. म्हणून भुलेच्या नियमांत साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाला हलक्या जेवणासारखेच सहा तास धरतात. (हे सर्वसाधारण नियम झाले. आपल्या पेशंटचं भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं.) म्हणजे मी ज्याला ‘नुसता चहा’ म्हणत होतो, तो त्यांच्या हिशेबात नाश्ता होता.

दुसरी रात्र, परत उपाशी. पहाटे पाचच्या सुमारास मी खाली चटईवर झोपलो होतो. टेम्परेचर घ्यायला एक मुलगी आली, जेमतेम वीस-एकवीसची असेल, असिस्टंट. तिनं बाबांच्या कपाळाला हात लावला. घाम. हात थरथरत होते. नाव विचारलं तर बाबा भलतंच काहीतरी बोलले. मी धडपडत उठलो आणि म्हणालो, “खिशात चॉकलेट आहे, देऊ का?”

ती म्हणाली, “नको दादा, एनबीएम आहेत.” आणि तिथूनच आवाज दिला: “सिस्टर, बारा नंबरचे काका. डायबेटिक आहेत, एनबीएम आहेत. घाम आलाय, थरथरतायत, नीट उत्तर देत नाहीयेत. शुगर बघायला या.”

शुगर निघाली ५८. सत्तरच्या खाली गेली की त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. सिस्टरनं डॉक्टरांना फोन केला, शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं बाबा भानावर आले आणि पहिला प्रश्न काय? “चहा आहे का रे?”

ऑपरेशन नीट झालं. पण त्या मुलीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिनं औषध दिलं नाही, निदान केलं नाही. तिला फक्त दोन शब्दांचे अर्थ नीट माहीत होते, आणि जे दिसलं ते तिनं योग्य माणसाला, योग्य शब्दांत, लगेच सांगितलं.

वेळेचे शब्द

आता माझी मावसबहीण हाच कोर्स करतेय. बारावी झाली, गावाहून पुण्यात आली. एकदा तिची वही माझ्यासमोर टाकून म्हणाली, “दादा, हे सगळं पाठच होत नाही.”

वहीत पहिलं पान वेळेचं. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी दोनदा. टीडीएस तीनदा. क्यूआयडी चारदा. मी हसलो, कारण आमच्याकडे टीडीएस पगारातून कापतात! पुढे एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. एचएस म्हणजे रात्री झोपताना. स्टॅट म्हणजे आत्ता, लगेच.

आणि एसओएस. ती म्हणाली, “पॅरासिटामॉल एसओएस म्हणजे इमर्जन्सी ना?” मलाही तसंच वाटायचं. जहाज बुडतंय, वाचवा! पण औषधाच्या कागदावरचं एसओएस लॅटिनमधून आलंय, ‘सी ओपस सिट’. अर्थ साधा आहे: गरज पडली तर. ताप आला तर द्या, नाही आला तर नको. एकाच तीन अक्षरांचे जवळजवळ उलटे अर्थ.

तिचा पुढचा प्रश्न बरोबर होता: “पण औषध तर आम्ही देतच नाही, सिस्टर देतात. मग हे कशाला पाठ करायचं?” मी म्हणालो, जेवणाचा ट्रे कोण उचलतं? तूच ना? ट्रे तसाच परत गेला हे फक्त तुला माहीत असतं. औषध पीसी आहे आणि आजीनं दोनच घास खाल्लेत, हे तू नाही सांगितलं तर सिस्टरला कळणार कसं?

लांब शब्द तोडा

दुसरं पान लांबलचक शब्दांचं. इथे मात्र माझं इंजिनिअरिंग कामाला आलं. मोठा शब्द म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेली गाडी. डबे सोडवा.

बाबांचंच ऑपरेशन घ्या: कोलेसिस्टेक्टॉमी. ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणं. पित्ताची पिशवी काढली, संपलं! मग अपेंडेक्टॉमी आपोआप कळतं. शेवटी ‘आयटिस’ आलं की दाह, सूज: गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस. ‘ऑस्टॉमी’ आलं की शरीराला बाहेरून केलेलं तोंड, जसं कोलोस्टॉमी. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे संथ. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी.

पण इथे एक खड्डा आहे. हायपर आणि हायपो घाईत, मास्कमधून, फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. आणि अर्थ? एकात शुगर चढलीय, दुसऱ्यात उतरलीय. अजून एक जोडी: डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, आणि डिस्फेझिया म्हणजे बोलायला, शब्द सापडायला त्रास. पहिल्या पेशंटला न विचारता पाणी पाजलं तर ते श्वासनळीत जाऊ शकतं. म्हणून असा शब्द आला की मागे साधं मराठी जोडा. “हायपो आहे, शुगर कमी आहे.” दोन सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

आकडे

तिसरं पान व्हायटल्सचं. मोठ्या माणसाचे, आराम करतानाचे ढोबळ आकडे असे: ताप साधारण ९८.६ फॅरनहाइट, म्हणजे ३७ सेल्सिअस. नाडी मिनिटाला ६० ते १००. श्वास १२ ते २०. बीपी १२० बाय ८० च्या आसपास. ऑक्सिजन ९५ च्या वर.

यातला श्वास फसवा. “काका, तुमचा श्वास मोजतेय” म्हटलं की काका लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतात. म्हणून त्यांना शिकवतात की नाडी मोजून झाली तरी मनगटावरचा हात काढू नका, गुपचूप छातीकडे बघा आणि मोजा. आणि अंदाजानं कधी लिहू नका. नाही मोजलं तर “नाही मोजलं” सांगा. आमच्या भाषेत, खोटा डेटा हा नसलेल्या डेटापेक्षा वाईट.

पेशंटची भाषा

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे वहीत नव्हतं. पेशंट यातलं काहीच बोलत नाही. पेशंट म्हणतो “जीव घाबरा होतोय”, “छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय”, “अंगात कणकण आहे”, “पायाला मुंग्या येतायत”. पेशंट सांगतो ते लक्षण, सिम्प्टम. तुम्हाला दिसतं किंवा मोजता येतं ते चिन्ह, साइन. घाम दिसला, नाडी ११० आली, हे साइन. “मळमळतंय” हे सिम्प्टम.

सिम्प्टम सांगताना पेशंटचेच शब्द वापरा. ‘दगड ठेवल्यासारखं’ म्हणाला तर तेच सांगा, त्याचं ‘ॲसिडिटी’ करू नका. ते ठरवणारे दुसरे आहेत. आणि चक्कर म्हणाला तर एक प्रश्न विचारा: घर फिरतंय की डोळ्यांपुढे अंधारी येतेय? डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उलट दिशेनंही तेच. “मोशन झालं का?” विचारलं तर खेड्यातली आजी नुसती बघत राहते. “आजी, परसाकडे झाली का?” असं हळू आवाजात, पडदा ओढून विचारा. लाजेपोटी न सांगितलेली गोष्ट चार्टवर येतच नाही.

परत म्हणून दाखवा

शेवटचं. नेटवर्कमध्ये पॅकेट पाठवलं की समोरून पोच येते. नाही आली तर पोचलंच नाही असं धरतात. वॉर्डात पण हेच करा. सिस्टर म्हणाली, “बारा नंबर, दोन तासांनी कूस बदल.” तुम्ही म्हणा, “बारा नंबर, दर दोन तासांनी कूस.” कळलं नाही तर विचारा. लाज वाटते, माहितीये. पण लघुरूपांनी भले भले फसलेत. अमेरिकेत जॉइंट कमिशननं २००४ साली ‘ही लघुरूपं वापरू नका’ अशी यादीच काढली. त्यात युनिटसाठी लिहिलेलं इंग्रजी ‘यू’ आहे. कारण घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो. ४ युनिट इन्सुलिनचे ४० झाले तर? आणि आपलं ओडी, तेच डोळ्यांच्या विभागात ‘उजवा डोळा’ होतं. म्हणजे विचारणारा मठ्ठ नसतो, विचारणारा सावध असतो.

बहिणीसाठी मी चाळीस कार्डं बनवली. पुढे शब्द, मागे अर्थ. तिनं एनबीएमचं कार्ड उलटून बघितलं आणि परत दिलं. म्हणाली, “दादा, तू अर्थ लिहिलायस. मला काम लिही.”

मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं: पाण्याचा जग उचलायचा. पाटी लावायची. नातेवाइकाला मराठीत सांगायचं: पाणी नाही, चहा नाही, बिस्कीट नाही. का नाही तेही सांगायचं. आणि जायच्या आधी त्याला विचारायचं, “काय सांगितलं मी, सांगा बरं?”

त्या रात्री मला कुणी एवढं विचारलं असतं, तर बाबा दुसरी रात्र उपाशी राहिले नसते. आणि मीही विचारलं नाही, हे तितकंच खरं.

तर ट्रेनिंगवाल्या मंडळींनो, आज पाच शब्द घ्या आणि त्यांच्या मागे अर्थ नाही, काम लिहा. बाकीच्यांनी, पुढच्या वेळी मान डोलावण्याआधी विचारा, “म्हणजे काय हो?” भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!