मुक्त प्रकल्पाचे दर्शनी दालन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पहाडगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे गत पन्नास वर्षांचे स्मरण करावे, दिवंगत कार्यकर्त्यांना अभिवादन करावे, असा प्रघात आहे. ते कर्तव्य आमच्याहून अधिकारी अशा वक्त्यांनी यथोचित पार पाडले आहे. आम्हांस संयोजकांनी दिलेला विषय काहीसा आडवळणाचा आहे : मुक्त स्रोत संगणकप्रणालीच्या प्रकल्पाचे संकेतस्थळ नव्याने कसे घडवितात, आणि त्याच्याशी आपणा दिल्लीकर मराठी माणसांचा संबंध काय? प्रथमदर्शनी हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटेल. परंतु तो आपल्या घरातील मुलांच्या भाषेशी येऊन भिडतो, अशी आमची धारणा आहे.

प्रथम मुक्त स्रोत म्हणजे काय, ते थोडक्यात सांगू. संगणकाची प्रणाली म्हणजे एक प्रकारची पाककृती. बहुतेक कारखानदार तयार पदार्थ विकतात आणि कृती कुलुपात ठेवतात. मुक्त स्रोताचे लोक कृतीच सर्वांसमोर मांडतात. ती वाचावी, तीत फेरफार करावा आणि सुधारलेली कृती पुन्हा दुसऱ्यास द्यावी, अशी त्यांची रीत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला, आणि या रीतीस जगभर अनुयायी लाभले. अशा प्रकल्पाला दुकान नसते, विक्रेता नसतो, वर्तमानपत्रात जाहिरात नसते. नवागताला तो भेटतो तो त्याच्या संकेतस्थळावर. म्हणून ते संकेतस्थळ हे त्या प्रकल्पाचे दर्शनी दालन होय.

दर्शनी दालनाचे महत्त्व पहाडगंजातल्या माणसाला वेगळे सांगावयास नको. नवी दिल्ली स्थानकातून बाहेर पडून मेन बाजारात शिरावे, तर देशोदेशींचे प्रवासी भेटतात; आणि येथील दुकानांवर हिंदी-इंग्रजीबरोबर रशियन व हिब्रू लिपींतल्या पाट्याही दिसत आल्या आहेत. दुकानदाराने त्या भाषांचा व्यासंग केलेला नसतो. आपल्या दारात पाऊल कोणाचे पडते, एवढे मात्र तो अचूक ओळखतो आणि त्या पावलाला ओळखीची वाटेल अशी पाटी लावतो. संकेतस्थळाची पुनर्रचना करणाऱ्याला नेमके हेच करावयाचे असते. रंग, चित्रे, अक्षरांचा आकार या गोष्टी मागाहून येतात. येणारा कोण आणि तो कशासाठी आला, हा प्रश्न आधीचा.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. डेबियन हा मुक्त प्रणालींतील एक ज्येष्ठ प्रकल्प, इयान मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला. जगभरचे स्वयंसेवक तो चालवितात. त्याच्या संकेतस्थळाचे रूप सुमारे १३ वर्षे जवळजवळ तसेच राहिले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये पालटले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुखपृष्ठ पुन्हा सुटसुटीत करण्यात आले. जे लोक रोज नवी प्रणाली रचतात, त्यांना आपले मुखपृष्ठ बदलावयास एवढा काळ का लागावा?

याचे एक कारण आपणां मंडळवाल्यांच्या पूर्ण परिचयाचे आहे. पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाने १९५७ साली एका काल्पनिक समितीचे वर्णन केले. ती समिती अणुभट्टीचा खर्च क्षणात मंजूर करते, कारण त्यातले कोणालाच काही कळत नाही. आणि सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र तावातावाने वाद घालते, कारण छप्पर सर्वांनाच कळते. १९९९ साली पॉल-हेनिंग काम्प यांनी फ्रीबीएसडी या प्रकल्पातील सहकाऱ्यांना याच दृष्टान्ताचे स्मरण करून दिले, आणि तेव्हापासून मुक्त स्रोताच्या जगात ते छप्पर प्रसिद्ध आहे. संकेतस्थळ हे असेच छप्पर आहे. प्रणालीचा गाभा थोड्यांनाच उमगतो, पण मुखपृष्ठाचा रंग प्रत्येकाला दिसतो. गणेशोत्सवाच्या बैठकीत हिशेब दहा मिनिटांत संमत होतो आणि मखराच्या रंगावर रात्र सरते, हा अनुभव येथे कोणाला नाही?

या वादातून बाहेर पडण्याचा मार्ग अनुभवी मंडळींनी शोधून ठेवला आहे. आपापसांत मतदान करण्यापूर्वी परक्या माणसाला पडद्यासमोर बसवावे, त्याला एखादे साधे काम सांगावे, आणि आपण गप्प राहून पाहावे. तो कोठे थांबतो, कोठे चुकीच्या जागी जातो, कोठे कंटाळून उठतो, याची नोंद घ्यावी. जेकब नीलसन या डॅनिश तज्ज्ञाने २००० साली असे प्रतिपादन केले की, अशी पाच माणसे तपासली तरी बहुतेक मोठे दोष उघडकीस येतात; दोष सुधारावेत आणि पुन्हा पाच माणसे बोलवावीत. हा पाचाचा आकडा कृपया लक्षात असू द्यावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती मीडियाविकी ही मुक्त स्रोत प्रणाली होय. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ या दिवशी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाला. २०१० साली आलेले या ज्ञानकोशाचे रूप बदलण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. फ्रेंच, हिब्रू, बास्क इत्यादी भाषांत २०२० पासून त्याची आधी परीक्षा झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी इंग्रजी विकिपीडियाने नवे रूप धारण केले. ओळींची लांबी मर्यादित झाली, डाव्या बाजूची भलीमोठी यादी मिटवून ठेवता येऊ लागली, आणि भाषा निवडण्याची सोय त्या यादीच्या तळातून उचलून वर शीर्षकाच्या ओळीत आणण्यात आली.

यावर मोठा गदारोळ झाला. वर्षानुवर्षे लेखन-संपादन करणाऱ्यांनी तक्रार केली की, पडद्यावर पांढरी जागा वाया जाते आणि पूर्वी समोर असलेल्या गोष्टी आता शोधाव्या लागतात. त्यांची तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही. ज्याने अंधारातही हात घालून दिव्याचे बटण सापडेल इतका त्या घरात वास केला, त्याचे घर परस्पर बदलणे हे त्याला दुःखद वाटणारच. ज्यांनी नाव नोंदविले आहे त्यांना जुनेच रूप राखण्याची मुभा ठेवण्यात आली, हा त्यातला सुज्ञपणा. परंतु जुन्या रहिवाशाला सोयीचे घर पाहुण्याला दुर्गम असू शकते, हेही तितकेच खरे. पन्नास वर्षे जुन्या मंडळानेही या प्रश्नाकडे डोळेझाक करू नये.

यानंतर येतो तो आमच्या विषयाचा गाभा. नवी रचना करणारे बहुतेक जण रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून मापे घेतात. त्यात दुष्टावा नसतो. त्यांना जे दिसते त्यावरून ते मापतात. पण त्या मापात मराठी बसवू गेले की ओढाताण सुरू होते. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार, आणि पायाशी उकार व ऋकार. दोन ओळींतले अंतर रोमन लिपीच्या बेताने ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीतील एका छोट्या शब्दासाठी आखलेल्या बटणात ‘उतरवून घ्या’ हे शब्द मावत नाहीत, आणि ‘उतरवून’ एवढेच उरते.

याहून सूक्ष्म गोष्ट ल आणि श या अक्षरांची. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण वळणे ठरविली. हिंदीत वळण निराळे. संगणकाच्या युनिकोड संकेतात मात्र दोन्ही भाषांच्या ल-ला एकच क्रमांक आहे. ज्या अक्षरसंचात दोन्ही वळणांची सोय असते, तेथे कोणते वळण दाखवावयाचे हे पानाच्या पोटात लिहिलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते. मराठीची खूण ‘एमआर’ ही दोन अक्षरे. ती लिहावयास रचनाकार विसरला, तर मराठी मजकूर हिंदी वळणाने उमटण्याचा संभव असतो आणि कोणाला काही चुकल्याचे ध्यानातही येत नाही. तीच गोष्ट अर्ध्या र-ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा भेद न दाखविणारा अक्षरसंच निवडला तर सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र येऊन ठेपेल! या गोष्टी परभाषिक रचनाकाराला दिसणे कठीण. त्या मराठी डोळ्यांनाच दिसतात, आणि तो डोळा रचनेच्या वेळी जवळ नसेल तर दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो.

आपणा दिल्लीकरांना याची झळ अधिक लागते. पुण्यातल्या मुलाच्या कानांवर रस्त्यात, बाजारात, शाळेत मराठी पडते. आमच्या मुलांना ती घरी, मंडळात आणि आरामबागेतील नूतन मराठी शाळेसारख्या ठिकाणी मिळते. बाहेर हिंदीचे राज्य. हिंदीशी आमचे वैर नाही, तिने आम्हांस अन्न आणि स्नेही दिले. परंतु मूल संगणकासमोर बसले आणि भाषांच्या यादीत मराठी सापडली नाही, किंवा सापडूनही बटणे तुटकी आणि अक्षरे परकी दिसली, तर ते निमूटपणे हिंदीवर किंवा इंग्रजीवर जाते. त्याबद्दल कोणी शोकसभा भरवीत नाही. मुलाच्या मनात एवढीच नोंद होते की, मराठी ही आजीशी बोलावयाची भाषा आहे, कामाची नव्हे. अशी नोंद एकदा झाली की ती पुसावयास मंडळाची शंभर नाटके अपुरी पडतील.

याच दिल्लीत १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली ९८ वे संमेलन झाले. दरम्यान ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हे सोहळे अभिमानाचे खरेच. पण अभिजात भाषेची बटणे कोणी लिहावयाची, याचे उत्तर सोहळ्यात मिळत नाही. मुक्त स्रोतात ते उत्तर सरळ आहे : जो येईल त्याने. डेबियनच्या स्थापनाप्रणालीत २००९ च्या आवृत्तीपासून मराठी आली ती कोणी तरी बसून भाषांतर केले म्हणून. मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचे मुक्त व बलू हे अक्षरसंच आज कोणालाही विनामूल्य वापरता येतात, ते मराठी माणसांनी ती मेहनत घेतली म्हणून. येथे अर्ज करावा लागत नाही, शिफारस लागत नाही आणि कोणी अडवीतही नाही. म्हणूनच कोणी आले नाही, तर दोष द्यावयास दुसरा कोणी सापडत नाही.

यास्तव मंडळापुढे आमची एक सूचना आहे. महिन्यातून एक संध्याकाळ या कामासाठी राखावी. मीडियाविकीच्या पडद्यावरील वाक्ये ‘ट्रान्सलेटविकी’ या स्थळी भाषांतरित होतात. तेथे नाव नोंदवून कामास आरंभ करता येतो. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, शुद्धलेखनाबद्दल घरच्यांना जेरीस आणणारा गृहस्थ येथे अत्यंत उपयोगी आहे. त्याच्या शेजारी महाविद्यालयीन नात बसवावी. आजोबांनी शब्द सुचवावा, नातीने तो पडद्यावर तपासावा, आणि तिला तो अवघड वाटला तर आजोबांनी दुसरा शोधावा. एखाद्या प्रकल्पाची पुनर्रचना चालू असेल, तर मघाशी सांगितलेली पाच माणसे आपल्यातूनच निवडावीत, आणि ती कोठे अडखळली हे त्या प्रकल्पाला साध्या शब्दांत कळवावे. जेथे मराठीची एकही तक्रार पोहोचत नाही, तेथे सर्व ठीक आहे असाच समज होतो.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापणाऱ्यांनी परमुलखात मराठी माणसाला टेकावयास एक जागा केली. त्यांच्या नातवंडांचा पुष्कळसा दिवस आता पडद्यावरच्या मुलखात जातो. तेथेही तशी जागा करणे हे त्यांच्याच कार्याचे पुढचे पाऊल होय. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी या कामाची पहिली बैठक घ्यावी, अशी अध्यक्षांना विनंती आहे.