दिवाळीचा घरचा साबण

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा घरी बसून सांगावे तसेच सांगते. गेल्या दिवाळीत काही जणींना मी साबणाच्या वड्या दिल्या, तेव्हापासून “कशा केल्यात?” ही विचारणा चालू आहे.

साबण होतो तो तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने. खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा चालत नाही. आणि राग मानू नका, पण आपला चिमूट-मुठीचा अंदाजही इथे चालत नाही. सोडा जास्त झाला तर कातडी भाजते. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ९१ ग्रॅम सोडा पुरा लागतो. मी ८० ग्रॅमच घेते, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते व अंग कोरडे पडत नाही. पाणी १९० ग्रॅम. सर्व काट्यावर तोलून घ्यावे. तेल बदलले की सोड्याचे प्रमाणही बदलते.

मुले घरात असताना हे काम काढू नये. हातमोजे व चष्मा घालावा, खिडकी उघडी ठेवावी. भांडे स्टीलचे, ॲल्युमिनियमचे सोडा खातो. पाण्यात सोडा हळूहळू घालावा, सोड्यावर पाणी कधीच ओतू नये, ते उसळते. अंगावर थेंब उडाला तर लिंबू, व्हिनेगर चोळत बसू नये. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे धरावे. डोळ्यात गेले तर तसेच धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

हे पाणी तापते. ते व तेल दोन्ही कोमट झाली की एकत्र करून ढवळावे. पातळ पिठल्यासारखे होऊन वर रेघ उमटू लागली की रंग-वास घालण्याची वेळ झाली.

रंगाची खरी गंमत हळदीची. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो ना, तसाच हा घाणाही लालभडक होतो! घाबरू नका, वडी वाळता वाळता रंग पिवळसर होतो. गेरूचा विटकरी रंग टिकतो. कडुलिंबाचा हिरवा मात्र खाकी पडतो आणि गुलाबाच्या पाकळ्या काळवंडतात. रांगोळीचे रंग अंगाला लावायचे नसतात, ते घालू नयेत. वासाला गवती चहाचे तेल १० ग्रॅम पुरते. कपड्यावर फवारायचे अत्तर घातले तर घाणा एकदम गोळा होऊन बसतो.

बटर पेपर घातलेल्या खोक्यात ओतून साधारण बारा तासांनी मोजे घालूनच वड्या कापाव्यात. उशीर केला तर तुकडे पडतात. मग सहा आठवडे वाऱ्यावर ठेवाव्यात. अनंत चतुर्दशी ते नरक चतुर्दशी एवढा हा काळ. पितृपक्षात नवे काही काढू नये असे कोणी म्हणेल, पण साबणाला काय त्याचे!

स्वस्त पडतो का? नाही. बाजारची वडी स्वस्तच. पण उटण्यानंतर आपल्या हातचा साबण लावताना घरातली माणसे खुलतात.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी घाणा घालणार आहे. पाहायचे असेल त्यांनी जरूर यावे. मुलांना तेवढे घरी ठेवून यावे.