नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण : घरच्यांनी जाणून घ्यावे असे काही

(विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



मुलगा अथवा मुलगी एम.बी.बी.एस. झाली की महाजनांच्या घरी पेढे वाटले जातात, देवापुढे श्रीफळ ठेवले जाते, आणि वडीलधारी मंडळी 'शिक्षण आटोपले' असे मानून स्वस्थ होतात. वस्तुतः ज्याला डोळ्यांचा डॉक्टर व्हावयाचे आहे, तो त्या दिवशी जेमतेम अर्ध्या वाटेवर आलेला असतो. उरलेली वाट घरच्यांना ठाऊक नसते, आणि तेथेच पुष्कळांचे पाय अडखळतात.

गोमंतकाला ही वाट अगदीच अपरिचित आहे असे मात्र नव्हे. पणजीचे मेडिकल स्कूल १८४२ साली स्थापन झाले. परंतु तेथून बाहेर पडलेल्याला पोर्तुगालात वैद्यकी करावयाची तर पुन्हा तेथल्या विद्यालयाची पायरी चढावी लागे. त्याच काळात, १८५३ साली, बार्देशातील साळगांवी कायतान गामा पिंतु यांचा जन्म झाला. त्यांनी लिस्बनला वैद्यकीचे शिक्षण घेतले. तेवढ्यावर त्यांना सुखाने दवाखाना थाटता आला असता. पण ते पुढे जर्मनीत हायडेलबर्ग येथे ऑटो बेकर या नेत्रतज्ज्ञाच्या हाताखाली राहिले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे यंत्र हेल्महोल्ट्झने १८५१ साली जगापुढे आणले होते. नेत्रवैद्यक हे स्वतंत्र शास्त्र म्हणून त्यानंतर झपाट्याने वाढत होते आणि त्याचे माहेरघर जर्मन विद्यापीठांत होते. पदवी हाती असताना पुन्हा शिष्य होणे सोपे नसते. गामा पिंतु झाले, म्हणूनच १८८९ साली लिस्बन येथे नेत्रचिकित्सा संस्था उभी राहिली. ते १९४५ साली वारले. संस्था आजही त्यांच्याच नावाने चालते. लिस्बनला जाणारे आमचे लोक तेथील चर्च आणि किल्ले पाहून परततात, हा भाग निराळा.

आता आजची वाट. एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे आणि प्रशिक्षणार्थी म्हणून एक वर्ष मिळून साडेपाच वर्षे होतात. त्यानंतर 'नीट-पीजी' नावाची अखिल भारतीय परीक्षा. तीत लागलेल्या क्रमांकावर विषय आणि महाविद्यालय ठरते. मनाजोगती जागा न मिळाल्यास कित्येक जण वर्षभर घरी बसून पुन्हा तयारी करतात. या वर्षाला शेजारीपाजारी 'रिकामे बसणे' म्हणतात. ते तसे नसते. पुढे एम.एस. अथवा डी.एन.बी. यांची तीन वर्षे. पूर्वी दोन वर्षांची पदविका घेऊन पुष्कळ नेत्रतज्ज्ञ होत. त्या पदविकेच्या जागा अनेक ठिकाणी पदवीच्या जागांत बदलल्या गेल्या आहेत. शेवटी दृष्टिपटल, बुबुळ, काचबिंदू किंवा लहान मुलांचे नेत्रविकार यांपैकी एका शाखेत वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप. अठराव्या वर्षी निघालेला विद्यार्थी स्वतःच्या पायांवर उभा राहीपर्यंत तिशीला टेकतो.

या वर्षांत शिकतात तरी काय? माणसाच्या डोळ्यास हात लावण्याआधी बोकडाच्या डोळ्यांवर टाके घालण्याचा सराव करावयाचा. मग वरिष्ठांच्या शेजारी बसून सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, त्यांच्या देखरेखीखाली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची एकेक पायरी स्वतः करावयाची, आणि सर्व पायऱ्या बिनचूक येऊ लागल्यावरच संपूर्ण शस्त्रक्रिया हाती घ्यावयाची. प्रथम लहान छेदाची, टाका न घालता होणारी पद्धत. नंतर यंत्राने भिंग फोडून शोषून घेणारी फेको. भिंगामागचा पातळ पडदा फाटला तर दृष्टी धोक्यात येते. यावर तीन वर्षे म्हणजे फार झाली असे कोणी म्हणू नये. आणि मोतीबिंदूवर सारे संपत नाही. मधुमेहाने दृष्टिपटल बिघडू लागते तेव्हा आरंभी रोग्याला काहीच जाणवत नाही. ते ओळखून लेसर अथवा इंजेक्शनाचा उपचार वेळेवर करणारा माणूस फेलोशिपच्या वर्षांतच तयार होतो.

मदुराईच्या डॉक्टर वेंकटस्वामींची कथा पालकांनी अवश्य ऐकावी. त्यांना प्रसूतिशास्त्रात जावयाचे होते. संधिवाताने बोटे वाकडी झाली आणि तो मार्ग खुंटला. मग त्यांनी नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले, त्याच वाकड्या बोटांना शस्त्र धरावयास शिकवले आणि आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. बहीण आणि मेहुणे हेही नेत्रतज्ज्ञ होऊन त्यांच्यासोबत उभे राहिले. तेथे खेड्यातील मुलींना दोन वर्षे शिकवून डॉक्टरांच्या मदतनीस म्हणून तयार करतात. नेत्रसेवा केवळ सर्जनावर चालत नाही. ज्यांना एम.बी.बी.एस. लाभली नाही त्यांच्यासाठी ऑप्टोमेट्रीचा चार वर्षांचा पदवीक्रम आहे, आणि त्याकडे 'चष्म्याचे दुकान' म्हणून पाहणे हे अज्ञान होय.

मुलींविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. मुलगी पंचविशीला आली की स्थळे येऊ लागतात, आणि नेमकी तीच वर्षे परीक्षेची व एम.एस.ची असतात. 'लग्न झाल्यावर सासरी शिकेल' असे वडील म्हणतात. शिकू शकणाऱ्या शिकतात; परंतु रात्रपाळी, प्रबंध आणि नवे घर ही तिन्ही ओझी तिने एकाच वेळी का उचलावीत, याचे उत्तर कोणी देत नाही.

राहिला प्रश्न विद्यानिधीचा. महाजनमंडळांची बक्षिसे बहुधा दहावी-बारावीच्या गुणांना आणि फार तर एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला मिळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला विद्यावेतन मिळते हे खरे, पण परीक्षेच्या तयारीच्या वर्षी आणि दूरच्या गावी फेलोशिपला जाताना हात आखडतो तो तेव्हाच. त्या दोन वेळी बिनव्याजी रक्कम द्यावी आणि नोकरी लागल्यावर हप्त्यांनी परत घ्यावी. अट एकच असावी : जत्रेच्या आदल्या रविवारी त्या डॉक्टराने अग्रशाळेत बसून गावातील वृद्धांचे डोळे तपासावेत. समितीने हा विषय पुढल्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, अशी विनंती आहे.